मेढीला बांधलेले बोंबील

वत्सला,

तू म्हणालीस, "ताई, माज्यावर काय लिवायचं? मी काय पुढारी हाय?" नाहीस, म्हणूनच लिहिते. पुढाऱ्यांवर लिहायला पुष्कळ जण बसलेत. मी वाचून दाखवायला बसले तर तू दुसऱ्या पानापर्यंत थांबणार नाहीस, तुला मासळी उलटायची असते, तेव्हा नातीकडून वाचून घे. दिशाला आता जोडाक्षरं येतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तुझं बरं तेवढंच यात नाही. नागझरीच्या पलीकडे त्या खळ्यावर तू जो घोळ घातलास, तोही आहे. तो गाळला तर सांगायला उरतं काय? आणि इथून पुढे मी तुला 'तू' म्हणणार नाही. ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहायचंय, म्हणून आता तू 'ती'. रागावू नकोस.

तर वत्सला तामोरे. चिंचणीच्या किनाऱ्यावर ती सून म्हणून आली तेव्हा तिच्या दारातून समुद्र दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. मधे मासळी सुकवायची जागा, तिच्यापुढे बैलगाडी जाईल एवढी वाट, आणि वाटेपलीकडे सुरूची झाडं. समुद्राने आधी झाडं नेली. मग वाट. प्रत्येक पावसाळ्यात थोडं थोडं, कुणाला फारसा धक्का बसू नये इतपत. मोठं वादळ आलं असतं तर पंचनामे झाले असते, साहेब आले असते. असं कणाकणाने गेलं की कुणी येत नाही.

सुकवायच्या जागेवर वत्सलाच्या वलांड्या होत्या. खांब रोवायचे, त्यांना आडवे दोर ताणायचे आणि त्यावर बोंबील टांगायचे, ती वलांडी. ओल्या बोंबलाला हाड नसल्यासारखंच असतं, तो एकटा दोरावर राहत नाही. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरावर सोडायची. वत्सलाचे हात हे काम करताना बघावेत. ती बोलत असते एकीकडे, बघत असते तिसरीकडे, आणि जोड्या आपल्या लागत जातात. मधला मोठा खांब म्हणजे तिच्या सासऱ्याच्या फुटलेल्या होडीची डोलकाठी. होडी गेली, डोलकाठी राहिली. म्हाताऱ्याने ती अंगणात रोवली आणि सगळ्या वलांड्यांचे दोर तिलाच येऊन बांधले जाऊ लागले. "खांब बरा तर वलांडी बरी," असं वत्सला म्हणायची, आणि चांगला रोवलेला खांब दिसला की ती त्याला हात लावून बघायचीच. विजेचा असला तरी.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यानंतर डोलकाठीपर्यंत पाणी आलं. भरती ओसरली तरी जमीन सुकेना. खालचे बोंबील चिखलाच्या वासाचे होऊ लागले. नवरा जानू भावाबरोबर डोल जाळं टाकायला जातच होता, पण मासळी पूर्वीसारखी लागत नव्हती. खाडीचं पाणी कधी कधी अशा रंगाचं येतं की त्यात पाय घालवत नाही. जी थोडी लागे ती सुकवायची कुठे, हा प्रश्न. ओली विकायची तर दलाल सांगेल तो भाव. सुकी ठेवली तर चार महिने आपल्या हातात. वत्सलाचं घर चाललं ते सुक्या मासळीवर. तिचं घर आणि तिचा तोरा, दोन्ही.

मुलगा दिपेश तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेक्यावर कामाला. बायको भावना आणि मुलगी दिशा यांना घेऊन तो सरावलीत भाड्याच्या खोलीत राहायचा. सरावली ज्यांनी वीस वर्षांपूर्वी पाहिली असेल त्यांनी आता जाऊन बघावी. जिथे पावटा पेरायचे तिथे चाळी, चाळींवर मजले, मजल्यांवर पत्रे. सगळ्या देशातून आलेले लोक तिथे एका नळाला उभे असतात. गावकऱ्यांनी शेतं विकून चाळी बांधल्या, आणि किनाऱ्यावरची मुलं त्याच चाळीत भाडेकरू म्हणून आली. याला प्रगती म्हणायचं की काय ते ज्याचं त्याने ठरवावं. मला वाद घालायला वेळ नाही.

दिपेश आईला म्हणाला, "आये, आता सोड. ट्रकनं तयार सुकी मासळी येते गुजरातेतून. घ्यायची आणि बाजारात बसायचं. हात खराब नाय, पाय खराब नाय."

"आणि गिराइकाला काय सांगू? कुणाची हाय म्हणून?"

"कोण विचारतंय?"

"मला विचारतात," वत्सला म्हणाली. "तुला कोण विचारीत नाय, म्हणून तुला ठाव नाय."

भावना पदराआड हसली. दिपेशने विषय बदलला.

पण आई ऐकत नाही म्हटल्यावर त्यानेच चाळीच्या गच्चीवर परवानगी मिळवून दिली. घरमालक भला माणूस, तो म्हणाला, दोन दिवस बघू. वत्सलाने गच्ची झाडली, धुतली, जवळा पसरला आणि कठड्याला दोर बांधून बोंबील टांगले. दुपारी खालच्या मजल्यावरची बिहारकडची बाई नाकाला ओढणी लावून वर आली.

"अम्माजी, ये बदबू कहाँ से आ रही है?"

"बदबू नाय हे. बोंबील हे," वत्सलाने शांतपणे सांगितलं आणि तिला बसायला पाट दिला.

ती बाई बसली, एवढंच नव्हे तर जोड्या कशा लावतात ते बघत राहिली. वास काही अडचणीचा ठरला नाही. अडचण संध्याकाळी निघाली. वत्सलाने जवळ्याची मूठ उचलली, तळहातावर चोळली. तळहात काळा झाला. आकाशातून काहीतरी बारीक पडत होतं, दिवसभर, कुणाला न दिसता. तिने सगळा जवळा गोळा केला आणि स्वतः नेऊन कचऱ्यात टाकला. बोंबीलही. दिपेश म्हणाला, "अगं, धुऊन घेतलं असतं." ती म्हणाली, "तुमी याच्याखाली झोपता?"  दिशा गॅलरीत खोकत होती.

आता उरला बाजार. बोईसरच्या पूर्वेला आठवड्याचा बाजार भरतो, तिथे वत्सला वर्षानुवर्षं एकाच चिंचेखाली बसते. डोंगराकडची ठमी तिच्याकडे येते. ठमी वारली, लहानशा पाड्यावरची, पावसावर पिकणारं भाताचं खाचर आणि उरलेलं वर्ष मजुरी. या दोघींमध्ये पैसा कधी आलाच नाही. ठमीने तांदूळ, कडवे वाल, पावसाळ्यात शेवळं ही रानभाजी आणायची आणि जवळा, बोंबील न्यायचे. कुणी मापून बघत नाही. एकदा वत्सलाला वाटलं की आपण जास्त दिले, तर पुढच्या खेपेला ठमीने एक भोपळाच आणून आदळला. असा त्यांचा हिशेब.

त्या दिवशी वत्सलाच्या टोपलीत जवळा नव्हता. ठमीने टोपलीकडे पाहिलं.

"काय बाय, समुद्र आटला काय?"

"समुद्र कुटला आटतोय. आमालाच घरात घुसून बाहेर काढायला निघालाय." आणि तिने सगळं सांगितलं. डोलकाठी, चिखल, गच्ची.

ठमी ऐकत वाल निवडत होती. मग म्हणाली, "आमचं खळं हाय की. भाताची मळणी झाली का रिकामंच पडतं. आमी जातो वीटभट्टीवर, सासू एकटीच राहते. होळीपर्यंत कुत्री लोळतात त्याच्यावर."

"खालून सारवलेलं हाय?"

"तर! माझी सासू सारवते. तुज्या जेवायच्या ताटाहून साफ."

"वारा?"

"डोंगरावरून येतो सरळ. पण मळणी झाल्यावर ये हां बाय. आधी नको."

वत्सला हो म्हणाली. ती हो म्हणते आणि मनात पुढचं चालू असतं, हा तिचा जुना दोष. तिच्या डोक्यात तेव्हाच टेम्पो लागला होता.

मळणी व्हायची वाट बघायची तिची तयारी होती, पण समुद्राची नव्हती. कार्तिक संपता संपता एके दिवशी जानूची होडी भरून आली. त्या हंगामात पहिल्यांदाच. बोंबील इतके की जावांना हाका माराव्या लागल्या. गावातल्या बाकीच्यांच्या वलांड्या त्यांच्याच मासळीने भरलेल्या. दलाल किनाऱ्यावर येऊन भाव पाडून उभा. वत्सलाने त्याच्याकडे बघितलंही नाही. दिपेशला फोन लावला.

"टेम्पो पाठव."

"आये, आज माझी पाळी—"

"तू नको येऊ. टेम्पो येऊ दे."

टेम्पो चिंचणीहून निघाला, बोईसरमधून रेल्वे ओलांडून पूर्वेला गेला. ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: रुळांच्या एका बाजूला समुद्र आणि कारखाने, दुसऱ्या बाजूला डोंगर. किनाऱ्यावरच्या कित्येक बाया आयुष्यभर रुळांच्या पलीकडे बाजारापुढे गेलेल्या नाहीत. वत्सलाही गेली नव्हती. बाजार मागे पडला, कापलेली खाचरं लागली, मग सागाची विरळ झाडं, मग विचारत विचारत ठमीचा पाडा.

ठमीच्या घरी कुणी नव्हतं. ठमी गवत कापायला गेलेली, सासू रखमा पाण्याला. पण खळं होतं. आणि काय खळं! शेणाने सारवून गुळगुळीत केलेलं, काडी नाही, खडा नाही. कडेला भाताचे भारे रचलेले. आणि बरोब्बर मधोमध एक खांब. जाड, सरळ, खोल रोवलेला. वत्सलाने सवयीप्रमाणे हात लावून पाहिला. जरा हलला नाही.

मग ती कशाला थांबते? तिने खांबाला दोर बांधले आणि चहूकडच्या झाडांना ताणले. टेम्पोवाल्याला कामाला लावलं. दुपार व्हायच्या आत खांबापासून सगळ्या दिशांना बोंबलांच्या माळा लागल्या. घरच्या डोलकाठीवर जशा असायच्या तशाच. टेम्पोवाला परत गेला. वत्सला भाऱ्यांच्या सावलीत बसली आणि कित्येक महिन्यांनी तिला बरं वाटलं.

रखमा डोक्यावर हंडा घेऊन आली. म्हातारी, वाळकी, ताठ. तिने आधी हंडा नीट खाली ठेवला. खळ्याच्या कडेला उभी राहिली, पाऊल आत टाकलं नाही. बराच वेळ बघत राहिली. वत्सला हसत उठली.

"मी वत्सला. ठमीची—"

"वळखलं. बोंबलांनी सांगितलं." रखमा खळ्याच्या बाहेरच उकिडवी बसली. "त्या मेढीला काय केलंस गं?"

"कोन मेढ?"

"जिला तू दावं लावलंस, ती."

मेढ म्हणजे खळ्याच्या मधला खांब. त्याच्याभोवती बैल फिरवतात, बैलांच्या पायांखाली भात सुटतं. मळणी संपून शेवटचा दाणा घरात जाईपर्यंत रखमाच्या घरी त्या मेढीपाशी धान्याची देवी बसलेली असते. तोवर खळ्यावर वहाण नाही, शिवी नाही, भाताखेरीज दुसरं काही नाही. हे रखमाने सांगितलं, आवाज न चढवता. मग वत्सलाच्या पायांकडे पाहिलं. वत्सलाच्या पायांत प्लास्टिकच्या चपला होत्या.

वत्सलाने चपला काढल्या. हातात घेतल्या. कुठे ठेवाव्यात ते कळेना, म्हणून तशाच धरून उभी राहिली.

"आमच्या होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला," ती म्हणाली, "नारळ देतो आमी. तिथं कुणी पाय ठेवला तर माझा नवरा त्याला पाण्यात टाकील."

"मग?"

"मग काय. मला टाकायला इथं पाणी नाय."

रखमाच्या तोंडावर काही हललं नाही. "काढ सगळं," ती म्हणाली.

नेमकं त्यातच मरण होतं. बोंबील नुसते वरवर सुकलेले, आत ओलेच. अर्धवट सुकलेली मासळी उतरवून टोपलीत रचली की संध्याकाळपर्यंत तिला घाम येतो, सकाळपर्यंत किडे. पाठवायला टेम्पो नाही. सगळ्या हंगामातली एकमेव भरलेली होडी त्या दोरांवर लटकत होती, आणि ती गेली तर दिपेशचं म्हणणं खरं होणार होतं. गुजरातेतला ट्रक आणि चिंचेखाली दुसऱ्याचा माल. वत्सलाला हे सगळं दिसलं. ती हात जोडून विनवू शकली असती. एक दिवस राहू दे, माझं पोट आहे, असं म्हणू शकली असती. रखमा बहुधा विरघळलीही असती. पण वत्सलाने तोंड उघडलं नाही. तिने मेढीपासून दोर सोडायला सुरुवात केली. अनवाणी. एकेक गाठ.

संध्याकाळी ठमी गवताचा भारा घेऊन आली तेव्हा खळं मोकळं होतं, शेजारी बोंबलांचा ढीग होता, आणि दोन बाया एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या.

"मी सांगितलं होतं, मळणी झाल्यावर ये," ठमी म्हणाली.

"सांगितलं होतंस," वत्सला म्हणाली. "चूक माझी हाय."

रखमा उठली. घरामागे भाजीच्या वाफ्याला बांबूच्या कुंपणाची वई घातली होती, लांबच लांब, दुधीचे वेल वाळून गेलेले. तिने वेल ओरबाडून काढले.

"ही वई माजी हाय," ती वत्सलाकडे न बघता म्हणाली. "हिच्यात देव नाय. लाव तुजे मेलेले."

तिघींनी अंधार पडेपर्यंत जोड्या लावल्या. ठमीला जबडा अडकवायला जमेना, वत्सला म्हणाली, "लगीन लावतेस तशी लाव, ओढून नको." रखमा म्हणाली, "तिच्या लग्नात पण वढूनच आणली होती." ठमीने सासूला एक बोंबील फेकून मारला. काही मासळी खराब झाली, खोटं कशाला सांगू. पण बरीचशी वाचली.

वत्सला परत गेली नाही. मळणी होईपर्यंत तिथेच राहिली. कुत्र्यांपासून बोंबील राखायचे होते हे एक, आणि ज्या कामामुळे खळं अडलं ते काम संपवायला हात लावावा, असं तिला वाटलं हे दुसरं. आयुष्यात पहिल्यांदा ती बैलांमागे चालली. रखमा कडेला बसून ओरडायची, "भरतीला पळतेस काय गं? हळू. भात कुठं जात नाय." जानूचा फोन आला तर वत्सला म्हणाली, मी बैल हाकतेय, नंतर कर. जानूने दिपेशला विचारलं, तुझ्या आयेला बरं आहे ना?

शेवटचं भात घरात गेलं. रखमाने मेढीला कुंकू लावलं, कोंबडं दिलं, आणि दोन पुरुषांनी मेढ उपटली. मग ती वत्सलाला म्हणाली, "आता तुजं. पाऊस येस्तोवर. पण मधे काय रोवू नको. तिथली जागा तिची."

वत्सलाने आजतागायत तिथे काही रोवलेलं नाही. तिचे खांब कडेने आहेत.

यापुढचं सगळं गोड आहे असं समजू नका. डोंगराकडचा वारा कोरडा. पहिले बोंबील काचेसारखे तडकले. चिंचेखालच्या गिऱ्हाइकांनी नावं ठेवली. वत्सलाने ते लवकर उतरवायला सुरुवात केली, मग जमलं. टेम्पोचं भाडं बोकांडी बसतंच. कित्येक आठवडे टेम्पो जातच नाही, कारण होडी रिकामी येते. खळं मिळालं म्हणून समुद्रात मासळी वाढत नाही. पण त्या वर्षी ठमी वीटभट्टीवर गेली नाही. नवरा गेला, ती राहिली, मासळी उलटायला. वाटणी दोघींच्या हिशेबाने, म्हणजे हिशेब न करता. आणि दिपेश सुट्टीच्या दिवशी दिशाला घेऊन खळ्यावर येतो.  एकदा त्याने एक सैल दोर पाहिला, उठला आणि आवळून बांधला. दिशा तिथे खोकत नाही, हे त्याने पाहिलं असावं.

वत्सला, झालं. आता तुझ्याशी.

त्या फाल्गुनात रखमाने तुला सांगितलं होतं, तुझ्या सासऱ्याची ती डोलकाठी आण इकडे, कडेला रोव, मधे नको. तू मला विचारलंस, ताई, तुमच्या पुतण्याचा ट्रॅक्टर मिळेल का, अमावास्येच्या ओहोटीला पाणी लांब जातं, तेव्हा ओढून काढू. मी म्हटलं, मिळेल. तू लगेच जाऊन जाड दोर आणलास आणि माझ्या पडवीत टाकलास. पहिल्या अमावास्येला तुझी मासळी आली. दुसरीला ट्रॅक्टर वाणगावला नांगरणीला. मग पाऊस. मग तू म्हणालीस दिवाळीनंतर, मी म्हटलं दिवाळीनंतर. रखमा गेल्या महिन्यात गेली. त्या दिवशी पाड्यावरून परत येताना आपण दोघी एका रिक्षात बसलो होतो, आणि त्या डोलकाठीबद्दल तूही काही बोलली नाहीस, मीही नाही.

काल ओहोटीला मी किनाऱ्यावर गेले होते. डोलकाठी अजून आहे, गुडघाभर पाण्यात, जराशी कललेली. वर एक बगळा बसला होता. दोर माझ्या पडवीत आहे, खुंटीला.